सगळ्यांना हॉलमध्ये बसवायचं, की ज्याला हवं त्याला?

नागपूरजवळच्या हिंगण्याकडच्या एका मुख्याध्यापिकेचा मागच्या आठवड्यात फोन आला. त्यांच्या शाळा व्यवस्थापन समितीत ‘परीक्षा पे चर्चा’वरून, म्हणजे पंतप्रधान टीव्हीवरून विद्यार्थ्यांशी परीक्षेबद्दल बोलतात त्या कार्यक्रमावरून, दोन तट पडलेत. काही पालक म्हणतात, पंतप्रधानांचा कार्यक्रम आहे, सगळ्या मुलांना दाखवलाच पाहिजे. काहींचं म्हणणं, शाळेत राजकारण नको, टीव्ही बंद ठेवा. मॅडमनी विचारलं, “सर, तुमच्या वेळी तुम्ही काय केलं होतं?”

माझ्या वेळी मी चूक केली होती, म्हणून थोडं लांबवून सांगतो.

5 सप्टेंबर 2014. शिक्षक दिन, शुक्रवार, घरोघरी गणपती बसलेले. पंतप्रधान नरेंद्र मोदी दिल्लीच्या माणेकशॉ सभागृहातून दुपारी तीन ते पावणेपाच देशभरच्या विद्यार्थ्यांशी बोलणार होते. ज्या शाळेत टीव्ही नाही तिथे रेडिओ चालेल, अशी सूचना होती. सक्तीवरून ओरड झाल्यावर तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्री स्मृती इराणींनी कार्यक्रम ऐच्छिक असल्याचं जाहीर केलं. पण दिल्लीतून निघालेलं ‘ऐच्छिक’ आमच्या शाळेच्या फाटकापर्यंत पोचेस्तोवर ‘हजेरी घेऊन अहवाल पाठवा’ झालं होतं. आमची सकाळपाळी साडेबाराला सुटायची. त्या मुलांना आम्ही डबा घेऊन थांबवलं. हॉलमध्ये सतरंज्या, उसना आणलेला टीव्ही, दोन पंखे आणि चारशेच्या वर मुलं. हजेरीचं रजिस्टर माझ्याच हातात होतं. सातवीतली एक पोरगी येऊन म्हणाली, “सर, मायले बरं नाही, घरी जाऊ का?” मी म्हटलं, पावणेपाचला जा.

भाषण वाईट नव्हतं. लहानपणी सनईवाल्यांना चिंच दाखवायचो म्हणजे त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं, हा किस्सा आला तेव्हा अख्खा हॉल हसला. इम्फाळच्या एका मुलानं पंतप्रधान कसं व्हायचं असं विचारलं, तर उत्तर मिळालं की 2024 च्या निवडणुकीच्या तयारीला लाग. मागच्या रांगेतला आठवीचा एक जण मात्र शेवटपर्यंत एकाच काळजीत होता: “सर, हे पेपरात येऊन राह्यलं का?” सक्तीनं बसवलेल्या मुलाला भाषण म्हणजे पोर्शनच वाटतो, त्याचं काय चुकलं?

म्हणजे पहिला पर्याय, सगळ्यांना एकत्र बसवणं. सोय शाळेची. एक हॉल, एक टीव्ही, वरच्या ऑफिसला एक फोटो. तोटा असा की ज्याला उठायचंय त्याला चारशे जणांसमोर उठावं लागतं. नागपुरात हे जास्तच टोचतं. आमच्या एकाच बाकावर महालातल्या संघाच्या शाखेत जाणाऱ्याचा मुलगा आणि दरवर्षी दीक्षाभूमीवर पाणी वाटणाऱ्याची मुलगी बसते. दोघांच्या घरात एकाच नेत्याबद्दल काय बोललं जातं, ते शिक्षकाला चांगलं ठाऊक असतं. त्याच 2014 मध्ये 3 ऑक्टोबरला सरसंघचालकांचं रेशीमबागेतलं विजयादशमीचं भाषण दूरदर्शननं थेट दाखवलं आणि केवढा गदारोळ झाला. पण घरी टीव्ही लागला तर रिमोट घरच्यांच्या हातात असतो. हॉलमधल्या पोरानं काय करायचं?

दुसरा पर्याय, ऐच्छिक. कागदावर हा सगळ्यांत सुंदर. ‘परीक्षा पे चर्चा’ 2018 मध्ये दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममधून सुरू झाली. विषय परीक्षेच्या ताणाचा. त्यामुळे 2014 इतका वाद होत नाही, आणि दहावीच्या तोंडावर कुणी वडीलधाऱ्यानं धीर दिला तर वाईट काय? पण शाळेतलं ‘ऐच्छिक’ खरं आहे की नाही, हे न पाहणाऱ्या मुलांचं त्या वेळात काय होतं यावरून कळतं. त्यांना व्हरांड्यात उभं ठेवलं किंवा नावं लिहून घेतली, तर ती सक्तीच. वाचनालय उघडं असेल, तिथे एक शिक्षक बसला असेल आणि पालकांची चिठ्ठी मागितली जात नसेल, तर खरं ऐच्छिक. अडचण माणसांची. ज्या शाळेत चारच शिक्षक आहेत तिथे दोन ठिकाणी मुलं कोण सांभाळणार?

तिसरा पर्याय मला निवृत्तीनंतर सुचला, हे माझं दुर्दैव. थेट प्रक्षेपण सोडून द्यायचं. दोन-चार दिवसांनी रेकॉर्डिंगमधली पंधरा-वीस मिनिटं सातवी-आठवीच्या पुढच्या वर्गात, त्यांच्याच वर्गखोलीत दाखवायची आणि मग मुलांना बोलू द्यायचं. पटलं ते सांगा, नाही पटलं तेही सांगा. यात थेट पाहण्याची गंमत जाते, हे खरं. आणि कोणती वीस मिनिटं निवडायची हे शिक्षक ठरवणार, म्हणजे त्याचं स्वतःचं राजकारण मागच्या दारानं येऊ शकतं. मी तरी ही निवड एकट्यानं केली नसती. दोन शिक्षक, तेही वेगवेगळ्या मतांचे, बसवले असते. आपल्याकडे असे दोन स्टाफरूममध्ये हमखास सापडतात.

तिन्हींत निवड करताना भाषणापेक्षा त्याच्यासोबत आलेलं पत्रक आधी वाचा, असं मी मॅडमना सांगितलं. अमेरिकेतला 2009 चा वाद बघा. बराक ओबामा 8 सप्टेंबरला व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनच्या वेकफील्ड हायस्कूलमधून मुलांशी बोलणार होते. मजकूर अगदी आजोबांसारखा: अभ्यास करा, शाळा सोडू नका, हात धुवा. तरी रिपब्लिकन खवळले. फ्लोरिडातल्या त्यांच्या पक्षाध्यक्षांना त्यात समाजवादी प्रचार दिसला. ठिणगी पडली ती शिक्षण खात्यानं पाठवलेल्या वर्गपाठात. राष्ट्राध्यक्षांना मदत करायला मी काय करू शकतो, असं मुलांनी स्वतःलाच पत्र लिहावं, अशी त्यात सूचना होती. खात्यानं ती बदलून तिथे मुलांची स्वतःची अभ्यासाची उद्दिष्टं आणली. व्हाइट हाउसनं भाषणाचा मजकूरही आदल्या दिवशीच जाहीर केला, ज्याला हवं त्यानं वाचून ठरवावं. मला या वादातलं सगळ्यांत शहाणपणाचं पाऊल हेच वाटतं.

त्याआधी 1991 मध्ये थोरले जॉर्ज बुश वॉशिंग्टनमधल्या शाळेतून बोलले, तेव्हा डेमोक्रॅट भडकले होते. शिक्षण खात्याच्या पैशानं राष्ट्राध्यक्षांची जाहिरात का, हा त्यांचा सवाल. चौकशी झाली, बेकायदा काही निघालं नाही. अठरा वर्षांत दोन्ही पक्षांनी खुर्च्या बदलल्या आणि आक्षेपही.

म्हणून व्यवस्थापन समितीत दोन्ही तटांसमोर एकच प्रश्न ठेवा: उद्या तुमच्या नावडत्या पक्षाचा माणूस त्या खुर्चीवर बसला आणि शब्दन् शब्द हेच पत्रक आलं, तर तुमचं मत काय असेल? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (विनाअनुदानित शाळा सोडून) या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांना हे विचारायचा मुख्याध्यापकांना पुरेपूर हक्क आहे.

माझा कौल विचाराल तर मोठ्या वर्गांना तिसरा पर्याय. शिक्षक पुरत असतील तर दुसराही चालेल. पहिला कुठल्याही पक्षाच्या नेत्यासाठी नको. आणि पाचवीच्या खालच्यांना तर खेळायला सोडा.

मॅडम थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “पटते सर, पण ऑफिसनं फोटो मागितले तर?”

“पाठवा ना,” म्हटलं, “वाचनालयात बसलेल्या पोरांचाही एक काढा.”