50 टक्के म्हणून 75 टक्क्यांची शेडनेट गळ्यात मारली

ढोबळी मिरचीसाठी शेडनेट घेणाऱ्यांनी हे नक्की वाचा. आमच्या बाजारातल्या एका दुकानातून मी 50 टक्क्यांची, म्हणजे निम्मा उजेड अडवणारी, हिरवी नेट मागून घेतली. वेष्टनावर 50 चा शिक्का होता, पण बिलावर नुसतं ‘शेडनेट, हिरवी’.

रोपं झपाट्याने उंच झाली. पेऱ्यांतलं अंतर वाढलं, पानं मोठी पण पातळ आणि फिकट, खोड काडीसारखं. मग कळी गळायला लागली. दुकानदाराला फोटो दाखवले तर म्हणाला, "दादा, उष्णतेची फुलगळ आहे, हे टॉनिक मारा." टॉनिकचेही पैसे त्यालाच गेले! खरं दुखणं उजेडाचं होतं. उजेड कमी पडला की झाड अन्न कमी तयार करतं, असलेलं वाढीकडे लावतं आणि कळ्या सोडून देतं. त्यावर कुठलंच औषध चालत नाही. शिवाय दाट सावलीत वाफे लवकर सुकत नाहीत, नेहमीचं पाणी दिलं तरी मुळं ओलीच राहतात.

कृषी विज्ञान केंद्रातले साहेब लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, घेऊन आले. निरभ्र दुपारी बाहेर जवळपास एक लाख लक्स, आत जेमतेम पंचवीस हजार. म्हणजे पाऊण उजेड नेटच अडवत होती. आमच्याकडे 75 ची नेट फारशी खपत नाही. पडून राहिलेला माल शिक्का बदलून खपवला, असं माझं ठाम मत आहे. दुकानदाराचं एकच उत्तर, "बिलावर टक्के कुठे लिहिलेत?"

म्हणून बिलावर सावलीचे टक्के, यूव्ही स्टॅबिलाइज्ड (उन्हाने लवकर खराब न होणारी) असल्याचा उल्लेख आणि आयएस 16008 हे शेडनेटचं भारतीय मानक लिहूनच घ्या. रोल अंथरण्याआधी एक तुकडा चौकटीवर ताणून बसवा. सैल नेट जास्त सावली देते, त्यामुळे ताणूनच बघायचं. भर दुपारी मोबाईलच्या लक्समीटर ॲपने आधी उघड्यावर आणि लगेच नेटखाली, फोन त्याच उंचीवर धरून मोजा. ॲपचा आकडा अगदी अचूक नसतो, पण दोन्हींचं प्रमाण कळतं. 50 च्या नेटखाली साधारण निम्मा उजेड यायला हवा. पावसाळ्यात ढगांमुळे तो आणखी घटतो, हेही धरून चला.

वेष्टन, नेटचा तुकडा आणि मोजणीचे फोटो जपून ठेवलेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडेही अशी नेट आली असेल तर तुम्हीही नोंदवा.