मासा कुठून आला ते सरळ सांगणारं सदरमधलं दुकान

नागपुरात टाकीत पाळायच्या शोभेच्या माशांची दुकानं बरीच आहेत, पण मासा कुठून आणला विचारलं की बहुतेक ठिकाणी "कोलकात्याचा माल आहे भाऊ" एवढंच ऐकायला मिळतं, त्याच्या आधी तो कुठल्या नदीत होता हे कोणालाच माहीत नसतं. सदर भागातल्या या दुकानात माहीत असतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

प्रत्येक टाकीच्या काचेवर मार्करने लिहून ठेवलंय, "फार्म" नाहीतर "नदीचा". गप्पी, मॉली, एंजल सगळे फार्मचे, रेड टेल शार्कपण (नावालाच शार्क, लाल शेपटीचा छोटा मासा) फार्मचा. हा रेड टेल शार्क कुठेही स्वस्तात मिळतो, थायलंडच्या फार्मवर ढिगाने तयार होतो, आणि त्याच थायलंडच्या चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यात तो जवळपास संपलाय, 1996 मध्ये तर आययूसीएनने (धोक्यातल्या जिवांची जागतिक यादी ठेवणारी संस्था) तो नदीतून नामशेष झाला असंच नोंदवलं होतं, नंतर थोडे सापडले. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दुकानात भरपूर दिसतो म्हणून नदीतही असेलच असं आपण सगळेच धरून चालतो.

मी मिस केरला नावाचा मासा विचारायला गेलो होतो. दुकानाचे काका म्हणाले, "नाही ठेवत बा. नदीतून उपसलेला माल मले नको, अन् आपल्या मे महिन्यात तो टिकतही नाही." दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. लाल-काळ्या पट्ट्याचा हा मासा केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या वाहत्या, थंड पाण्यातला, थव्याने राहणारा, त्याला भरपूर ऑक्सिजन लागतो, आणि आपल्याकडे बाहेर 45 डिग्री असताना कूलर लावलेल्या खोलीतसुद्धा टाकीचं पाणी गरम होतं, मग मासे वर येऊन तोंड उघडझाप करत बसतात. पण खरा मुद्दा नदीचा आहे. हा मासा आययूसीएनच्या यादीत धोक्यात आलेला म्हणून आहे, तरी वर्षानुवर्षं परदेशात गेला. 2005 ते 2012 या काळात भारतातून धोक्यातल्या 30 जातींचे कमीत कमी 15 लाख गोड्या पाण्यातले मासे शौकासाठी बाहेर गेले असं अभ्यासकांनी मोजलंय, त्यात मिस केरला आणि झेब्रा लोच (लोच म्हणजे तळाशी फिरणारा लांबट मासा) यांचा वाटा मोठा होता. केरळ सरकारने 2008 मध्ये पकडण्यावर निर्बंध घातले, पण बंदीचे महिने आणि अंडी घालायचा हंगाम नीट जुळलाच नाही. असा नियम असून मासा वाचणार कसा?

आणि झेब्रा लोच तर आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातला, महाराष्ट्राचाच मासा, तोही धोक्यात. तो मागितला तर काकांनी फार्मची चेन लोच दाखवली. हीपण थायलंडच्या नद्यांमध्ये धोक्यात आहे, पण तिकडे फार्मवर हार्मोनचं इंजेक्शन देऊन पिल्लं काढतात, विक्रीसाठी नदीत जाळं टाकायची गरज पडत नाही. बोटाएवढ्या पण नसतात, सगळ्या मिळून तळाच्या वाळूत नाक खुपसत फिरतात, पोटं गोल भरलेली. लोच घेताना पोट नक्की बघा, आत गेलेलं असलं तर उपाशी किंवा आतून किडे लागलेला असतो, नदीतून पकडून थर्माकोलच्या डब्यातून लांबून आलेल्यांत हे खूप दिसतं.

नदीचा म्हटला की प्रत्येक मासा वाईटच असंही नाही बरं का, हे मला काकांमुळेच नीट समजलं. ब्राझीलच्या रिओ नेग्रोवर बार्सेलोस गावच्या आसपासची माणसं पिढ्यानपिढ्या कार्डिनल टेट्रा पकडून पोट भरतात, तो मासा पुराच्या पाण्यात भराभर वाढतो, आणि त्याला गिऱ्हाईक आहे तोवर तिथल्या लोकांना जंगल राखण्यात फायदा दिसतो. उलट तिथल्याच झिंगू नदीतला झेब्रा प्लेको हा पट्ट्यापट्ट्यांचा मासा, अगदी छोट्या पट्ट्यात राहणारा, अंडी मोजकीच, वर बेलो मोंटे धरण झालेलं, ब्राझीलने निर्यात बंद केली तरी चोरून येतो. कोणी असा स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका, प्लीज.

आता दुकानाबद्दल. भाव इतरांपेक्षा थोडे जास्त आहेत, पण नवीन लॉट आला की लगेच विकत नाहीत, मागच्या टाक्यांमध्ये वेगळा ठेवतात, मला हे पैसे द्यायला पटतं. पिशवी डबल, ऑक्सिजन भरून, उन्हाळ्यात वर ओला कपडा गुंडाळून देतात. पोरगा कितीही घाईत असला तरी टाकीचा साईज विचारल्याशिवाय मासा काढत नाही. झाडं मात्र मरतुकडी असतात, ती दुसरीकडून घ्या, आणि रविवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा नाही.

काउंटरवर गोल काचेचे बाऊल अजून विकायला ठेवलेत, गोल्डफिशसोबत, लहान मुलं हट्ट करतात म्हणून. एवढी काळजी घेणाऱ्या दुकानात ते बघवत नाही, म्हणून एक स्टार कापलाय. काका, बाऊल काढा, मी त्याच दिवशी पाच करतो.