'तेनेर' चालवायला शिकताना: तक्ता, मूळ की वाक्यं?

स्पॅनिशमध्ये 'तेनेर' (जवळ असणे) या क्रियापदाशिवाय पान हलत नाही. मराठीत आपण 'माझ्याकडे पुस्तक आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'मला भूक लागलीय' असं वेगवेगळं बोलतो. तिथे तिन्हीकडे त्याचं 'मी'चं रूप, 'तेंगो'. वय सांगायचं तर 'तेंगो', आणि पुढे 'के' लावून क्रियापद जोडलं की 'मला हे करावं लागतं'. त्यामुळे हे क्रियापद पहिल्याच आठवड्यात भेटतं आणि त्याची रूपं पुढे वर्षभर छळतात. ती शिकायच्या तीन वाटा मी चालून पाहिल्या आहेत. तिन्हींची किंमत वेगवेगळी आहे.

पहिली वाट तक्त्याची. साधे काळ धरले तरी स्वार्थातले ५ आणि विध्यर्थातले २, प्रत्येकी ६ पुरुष, म्हणजे ४२ रूपं. आज्ञार्थ आणि जोडकाळ वेगळेच. (लॅटिन अमेरिकेपुरतं शिकणार असाल तर 'वोसोत्रोस'चा, म्हणजे अनेकवचनी 'तुम्ही'चा, रकाना खोडा. मग ३५ उरतात, आणि त्यातही 'मी' आणि 'तो' यांची रूपं ४ काळांत सारखीच असल्याने खरी ३१.) तक्ता पाढ्यांसारखा पाठ होतो आणि गाळलेल्या जागा भरायच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवून देतो. बोलताना मात्र तो वरून खाली म्हणावा लागतो. मला एकदा 'तुझ्याकडे वेळ असावा' एवढंच म्हणायचं होतं. मी मनात 'तेंगा, तेंगास…' म्हणत ओळीत खाली उतरेपर्यंत समोरच्याने विषय बदलला होता.

दुसरी वाट मुळांची, आणि तेनेरसारख्या वाकड्या क्रियापदाला हीच मला सर्वांत मानवते. चार शब्द लक्षात ठेवायचे: तेनेर, तेंगो, तेंद्रे ('मी'चा भविष्यकाळ), तुविएरोन ('ते'चा भूतकाळ). 'तेंगो'तला शेवटचा 'ओ' काढून 'आ' लावला की वर्तमान विध्यर्थ तयार: तेंगा, तेंगास, तेंगामोस. 'तेंद्रे'चं मूळ तेंद्र. त्याला 'इया' जोडलं की संकेतार्थ, तेंद्रिया. 'तुविएरोन'चा 'रोन' काढून 'रा' लावला की भूतकाळी विध्यर्थ, तुविएरा. हा शेवटचा नियम स्पॅनिशमधल्या एकाही क्रियापदाला चुकत नाही, आणि इतक्या अपवादांच्या भाषेत ही चैनच म्हणायची. ('तुविएरा' की 'तुबिएरा' यावर वाद घालू नका, स्पॅनिशमध्ये व आणि ब यांचा उच्चार एकच.) शिवाय फायदा तेनेरपाशी थांबत नाही. मान्तेनेर, ओब्तेनेर, देतेनेर ही भावंडं तशीच चालतात, आणि पोनेर, वेनीर, सालीर यांच्यातही तोच 'ग' आणि तोच 'द' डोकावतो: पोंगो-पोंद्रे, वेंगो-वेंद्रे, साल्गो-साल्द्रे. एकच उणीव आहे. तिएनेस, तिएने, तिएनेन मधला 'इए' या चार मुळांतून निघत नाही, तो वेगळा पाठ करावा लागतो.

मुळांमुळे रूप बनवता येतं. ते कधी वापरायचं, हे त्यांना ठाऊक नसतं. तिथे तिसरी वाट, वाक्यांची.

'तुवो उन इखो' म्हणजे तिला मुलगा झाला. 'तेनिया उन इखो' म्हणजे तिला मुलगा होता. तक्त्यात दोन्ही शेजारशेजारी भूतकाळ म्हणून बसलेले असतात. फरक दिसतो तो वाक्यातच, आणि आपण 'सांगितलं' आणि 'सांगायची' यांत रोज फरक करत असल्याने तो पटकन रुजतो. विध्यर्थाचंही तसंच. इंग्रजीवरून आलेल्याला तो डोंगर वाटतो. 'तुझ्याकडे धीर असावा असं मला वाटतं' म्हणणाऱ्याला 'किएरो के तेंगास पासिएन्सिया' परकं वाटू नये. 'नो तेंगास मिएदो' तर थेट 'भीती बाळगू नकोस'. 'तू'च्या शेवटी येणारा तो 'स' आपल्याही अंगवळणी आहे: येतोस, आलास, यावंस, नकोस.

याच सवयीचा एका ठिकाणी दगा होतो. साध्या भूतकाळात 'तुविस्ते'ला शेवटी 'स' नाही. जीभ मात्र 'तुविस्तेस' म्हणू पाहते. जन्माने स्पॅनिश बोलणारेही कित्येकदा तसं बोलतात, पण लेखनात ती चूकच धरतात. दुसरा खड्डा 'जर-तर'चा. 'वेळ असता तर गेलो असतो' यात आपण दोन्हीकडे 'असता-असतो' लावतो, म्हणून 'सी तेंद्रिया' तोंडात येतं. प्रमाण स्पॅनिशमध्ये 'जर'च्या बाजूला तुविएरा आणि 'तर'च्या बाजूला 'इया'वालं रूप: सी तुविएरा तिएम्पो, इरिया. उत्तर स्पेनमध्ये 'सी तेंद्रिया' कानावर पडतं. तिथल्या माणसाला ते शोभतं, परीक्षार्थ्याला नाही.

तेव्हा लेखी परीक्षा महिन्यावर आली असेल तर तक्ता घ्या आणि दोन रंगांच्या पेनांनी मुळं खुणावून ठेवा. गप्पांसाठी शिकत असाल तर वाक्यं आधी, रोज पाच, मोठ्याने. वर्षभर निवांत वेळ असेल तर मुळांपासून सुरुवात करा. मग तक्ता फक्त स्वतःला तपासायला उघडायचा. त्यासाठी वेगळं पुस्तकही लागत नाही, स्पॅनिश शाही अकादमीच्या ऑनलाइन शब्दकोशात क्रियापदांची सगळी रूपं दिलेली असतात.

मात्र सेर (असणे) आणि ईर (जाणे) यांच्यापुढे मुळांची हुशारी फार चालत नाही. 'सोय'पासून 'सेआ' निघत नाही आणि 'वोय'पासून 'वाया'. भूतकाळात तर दोघांचं रूप एकच: 'फुई' म्हणजे मी होतो आणि मी गेलोही, पुढचं वाक्य ऐकून काय ते ठरवायचं. या दोघांचा तक्ता मी मुकाट पाठ केला.