फेतुस की आरिएस? बात्तियातोची एकच रेकॉर्ड घ्यायची असेल तर

इटालियन गायक-संगीतकार फ्रांको बात्तियातोची १९८१ नंतरची गाणी आवडली, आता मागे जाऊन सत्तरीतला सिंथसायझरवाला बात्तियातो ऐकायचाय आणि बजेट एकाच एलपीचं आहे, या पेचात मीही होतो. शेवटी दोन्ही घेतल्या, दीड वर्षाच्या अंतराने. तेव्हा ही पश्चातबुद्धी समजा.

'फेतुस' (१९७२) ही त्याची पहिली एलपी, इंग्रजी कादंबरीकार ऑल्डस हक्स्लीला अर्पण केलेली. सुरुवात हृदयाच्या ठोक्यांनी. पुढे न जन्मलेला जीव, पेशी, पेशीविभाजन, सगळं बारावीच्या जीवशास्त्राच्या वहीतून उचलल्यासारखं. एका गाण्यात तर पठ्ठ्या चक्क साइनचं सूत्र गातो. आणि गातो छान! अवघड अवघड म्हणतात, पण चालींचं म्हणाल तर दोन्हींत हीच सोपी. दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना गुणगुणता येते.

माझं घोडं अडलं ते भलतीकडेच. ही रेकॉर्ड बूड टेकू देत नाही. 'कारियोचिनेसी' हे गाणं रंगात येतंय तोवर दोन मिनिटांत संपतं. 'मेक्कानिका'त बाखची संथ धून लागते, तर तिच्यावर चांद्रवीरांचं रेडिओवरचं बोलणं. हे मुद्दाम केलंय, कळतं. पण 'एनेर्जिया'च्या सुरुवातीला एक तान्हं मूल बडबडतं, तिथे मी हरलो. मी ऐकणार रात्री अकरानंतर, हेडफोन लावून. आणि तेव्हा आमची मुलगी आठ महिन्यांची, पलीकडच्या खोलीत. पहिल्यांदा हेडफोन भिरकावून धावलो. ती गाढ झोपेत. दुसऱ्यांदाही तेच. पुढे पुढे माहीत असूनही एक कान उघडा ठेवायला लागलो, आणि एका कानाने हे संगीत ऐकण्यात काही अर्थ नाही. ज्यांच्या घरात पाळणा नाही त्यांना हा त्रास होणार नाही, हे कबूल.

'सुल्ले कोर्दे दि आरिएस' (१९७३) मध्ये चारच रचना. पहिली, 'सेक्वेन्त्से ए फ्रेक्वेन्त्से', सोळा मिनिटांची, अख्खी एक बाजू. उन्हाळ्यात बाई आपल्या अंगणात शिकवणी घ्यायच्या, अशी लहानपणची आठवण तो गातो. मग शब्द थांबतात आणि व्हीसीएस-३ या सिंथसायझरचे सूर फेर धरतात, त्यात कालिंबाची, म्हणजे अंगठ्यांनी वाजवायच्या आफ्रिकी वाद्याची, टपटप मिसळते. कुठे पोचायची घाई नाही. मध्येच कोणी हाक मारली, पाच मिनिटांनी परत आलात, तरी तुमची जागा तशीच असते.

दुसरी बाजू मला तितकीशी लागत नाही. जर्मन कविता म्हणणारी बाई आली की मी पाणी प्यायला उठतो. आणि 'फेतुस'सारख्या चाली इथे शोधू नका, निराश व्हाल.

गुणगुणतो मी अजूनही 'फेतुस'च. पण तिची रेकॉर्ड आजही नव्यासारखी चकाकते, आणि 'आरिएस'ची पहिली बाजू खरखरायला लागलीय.