कलमी 'थाई' चाफा घेताना

नर्सरीत 'थाई चाफा' म्हणून मिळणारं कलम साध्या चाफ्यापेक्षा चांगलंच महाग असतं. हे जादा पैसे रंगाचे आणि वाचलेल्या वेळेचे. बियांपासून वाढवलेल्या चाफ्याला फूल यायला 2-3 वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात, आणि रंग मूळ झाडासारखाच येईल असं नाही. कलमाला हात-दीड हात उंचीवरच कळ्या धरतात. 12 इंची कुंडीत गुलाबी, शेंदरी किंवा गडद लाल चाफा हवा असेल तर घ्यावं.

नुसता पांढरा, पोटात पिवळा चाफा हवा असेल तर मात्र ओळखीच्या अंगणातली एक फांदी पुरे. साल राखाडी झालेली, 30-45 सेंटिमीटर लांबीची फांदी घ्या, पानं काढा आणि 8-10 दिवस सावलीत आडवी ठेवा. कापावरचा चीक पूर्ण वाळला की 8-10 सेंटिमीटर खोल लावा. हिरवी कोवळी फांदी किंवा ओला काप थेट मातीत गेला की ती बुडातून कुजते. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, त्वचेलाही चुरचुरतो.

कलम निवडताना आधी जोड बघा, म्हणजे खालचा खुंट (मुळांचं रोप) आणि वर बांधलेली फांदी जिथे जुळतात ती जागा. बहुतेक पाचर कलमं असतात, म्हणजे पाचरीसारखी तासलेली फांदी खुंटाच्या चिरेत बसवलेली. जोडावर अंगठा दाबून बघावा. मऊ लागला किंवा काळसर दिसला तर रोप परत ठेवा. जोडावर बांधलेली पट्टी सालीत रुतली असेल तर घरी आणून अलगद सोडवा.

चिठ्ठीवरच्या फोटोवर विसंबू नका, फूल असलेलंच रोप घ्या आणि जमलं तर संध्याकाळी जा. चाफ्याचा वास तेव्हाच खुलतो, कारण त्याचं गिऱ्हाईक रात्रीचे पतंग. (त्यांना मिळत काहीच नाही, फुलात मध नसतो.) रंगीत कलमांपैकी काहींना वास अगदी पुसट असतो. 'नागचंपा' म्हणून विकतात तो नागाच्या फण्यासारख्या पानांचा पुडिका चाफा. पांढऱ्या फुलांचे गुच्छ भरघोस, वास जवळजवळ नाहीच. आपला खरा नागचाफा हे वेगळंच झाड. हिवाळ्यात बोडकं झाड नको असेल तर पानाचं टोक गोल असलेला ओब्ट्यूसा बघा. टोकदार पानांचा रुब्रा सगळी पानं टाकतो.

सगळ्यात मोठी तक्रार पिशवीतल्या मिश्रणाबद्दल. निव्वळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा)! वाहतुकीला हलकं, पण पावसाळ्यात ओलं फडकं गुंडाळल्यासारखं मुळांना चिकटून राहतं. झाड मेक्सिको-कॅरिबियनकडचं, त्याला निचरा हवा. शक्यतो उन्हाळ्यातच कुंडी बदला: 2 भाग तांबडी माती, 1 भाग जाडी वाळू किंवा विटांचा चुरा, 1 भाग कुजलेलं शेणखत. ऊन रोज 6 तास. माती ओली असूनही खोडाची साल सुरकुतली तर बुड कुजतंय. पांढरं, निरोगी लाकूड लागेपर्यंत कापत जा. काप जोडाच्या वर गेला तरी चालेल, वाळवून लावलेली फांदी स्वतःच्या मुळांवर वाढते.

'लाल आणला होता, पांढरा झाला' ही तक्रार मात्र नर्सरीची फसवणूक असतेच असं नाही. जोडाखालून निघालेला खुंटाचा फुटवा जोरात वाढतो आणि कलम मागे पडतं. असे फुटवे बोटभर असतानाच खुडा.

पावसाच्या शेवटी पानांखाली नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा, एक बुरशीजन्य रोग. तेवढी पानं तोडून कचऱ्यात टाका. फारच पसरला तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम, फवारा. झाड दगावत नाही, नुसतं ओंगळ दिसतं.

डिसेंबरात पानं गळली की काहीजण घाबरून पाणी वाढवतात आणि जिवंत झाड कुजवतात. साल नखाने किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं, चीक आला, तर झाड झोपलंय. नवी पालवी फुटेपर्यंत पाणी पंधरा दिवसांतून एकदा, तेही बेताचं.