मोठे टायर, आठ महिने आणि आप्पांवर घेतलेला आळ

गेल्या दसऱ्याला पिकअपचे टायर बदलले. आधी २१५/७५ आर १५ होते, आता २३५/७५ आर १५ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिम किती इंची). गाडी २००७ ची, वेगाचा काटा आणि किलोमीटरचे आकडे एकाच डबीत असलेला, केबलवर चालणारा मीटर. सीझनला गुऱ्हाळावरनं गुळाचे रवे (ढेपा) मार्केट यार्डात, आणि सीझन संपला की एका मंडपवाल्याचं भाडं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण दोष गाडीचा नाहीच.

टायर कसे आहेत एवढंच ज्यांना विचारायचंय त्यांना सांगतो, चांगले आहेत. पाणी सोडलेल्या उसाच्या फडाजवळ गाडी पूर्वी पोटावर बसायची, ती आता निघते. रुबाब पण आलाय. उंची किती वाढली? दीड सेंटीमीटर. व्यास ३० मिलिमीटरनं वाढतो आणि गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाते, हे शाळेतलं गणित टायरवाल्याला पैसे मोजताना आठवलं नाही.

आता अ‍ॅव्हरेज. टायर बदलायच्या आधी भारासकट साडेबारा पडायचं. नोव्हेंबरात अकरा पूर्णांक एक. डिसेंबरातही तेच. नव्वदच्या आसपासचं डिझेल आणि लिटरमागं जवळजवळ दीड किलोमीटर गायब, म्हणजे माझी झोप उडाली. एअर फिल्टर बदलला, नोझल तपासून घेतले, फरक शून्य. मग जे करायला नको होतं ते केलं. आमचे ड्रायव्हर आप्पा, वडिलांच्या वेळेपासून गाडीवर. त्यांना आडून आडून विचारलं, टाकीचं झाकण नीट बसतंय ना, गाडी रात्री कुठं लावता. आप्पांना कळायचं ते कळलं. म्हणाले, "दादा, सरळ बोला की. मी काय डिझेल पितोय व्हय?" आणि दुसऱ्या दिवसापासून किल्ली माझ्या हातात न देता खिळ्याला अडकवून जायला लागले.

जानेवारीत एकदा मी स्वतः निपाणीला गाडी घेऊन गेलो. गोकुळ शिरगावातनं निघताना फोनवर नकाशा लावला होता. जाऊन येऊन फोन म्हणतो साठ, गाडीचा मीटर म्हणतो साडेसत्तावन्न. पहिल्यांदा फोनलाच शिवी घातली. परत गेलो, तेच. घरी येऊन टायरच्या बाजूवरचे आकडे कागदावर मांडले. जुन्या टायरचा व्यास ७०३.५ मिलिमीटर, नव्याचा ७३३.५. सव्वाचार टक्के जास्त. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, पण मीटर बिचारा फेरेच मोजतो. म्हणजे मीटरनं दाखवलेल्या अकरा पूर्णांक एकचं खरं अ‍ॅव्हरेज साडेअकराच्या जरा वर. गेलेल्या दीडमधला पाऊण हिस्सा नाही म्हणत, पण तिसरा हिस्सा तरी कधी गेलाच नव्हता.

खात्री करायला दोन दिवस जुने टायर परत चढवले (ते मी विकले नव्हते, आमच्यात काही विकत नाहीत). साठला बरोबर साठ. पण वेगाचा काटा बघून चक्रावलो. जुन्या टायरवर काटा ८० ला धरला की फोन ७४ दाखवायचा. नव्यांवर तोच काटा ८०, फोन ७७. म्हणजे मोठ्या टायरनं काटा खऱ्याच्या जवळ आणला आणि किलोमीटरचा आकडा खोटा केला! एकाच डबीत दोघं राहतात आणि उलट वागतात.

उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं मीटर उघडून दाखवला तेव्हा उलगडा झाला. केबल आत एक चुंबक फिरवते, त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी आणि तिला बारीक स्प्रिंग. काटा त्या ओढीवर हलतो. आकडे मात्र दात्यांवर फिरतात, तिथं ओढाताण नाही. शिवाय काटा थोडा पुढं ठेवलेलाच असतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ प्रमाणे मीटरनं खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही, जास्त दाखवला तर दहा टक्के अधिक चार किलोमीटरपर्यंत चालतो. तेव्हा फक्त काटा फोनशी जुळला म्हणून मोठे टायर घालून "मीटर सुधारला" म्हणणाऱ्यांनी आकडेपण बघावेत.

इथं माझं मत पहिल्यांदा बदललं. टायर चोर नाहीत, अर्धवट चोर आहेत. उरलेली घट खरीच होती. त्यातली काही हवेची. टायरवाल्यानं "मऊ चालेल" म्हणून मागच्या चाकांत ३५ पीएसआय भरून दिली होती, रवे भरलेल्या गाडीला! ५० केल्यावर खरं अ‍ॅव्हरेज बाराच्या जवळ आलं. बाकी जाड नक्षी आणि वजन, त्याला इलाज नाही. चढालाही फरक जाणवतो. जोतिबाच्या वळणांवर पूर्वी तिसऱ्या गिअरात ओढायची ती आता दुसरा मागते.

पण खरी आग वेगळ्याच ठिकाणी लागली. मंडपवाल्याला मी किलोमीटरवर भाडं लावतो. कोणत्या किलोमीटरवर? गाडीच्या मीटरवर. दर शंभराला चार किलोमीटर मी फुकट वाहिलेत, तेही स्वतः पैसे देऊन घातलेल्या टायरवर. अ‍ॅव्हरेजपेक्षा हे जास्त झोंबलं. चैत्र यात्रेच्या फेऱ्या मोजायचं मी टाळलं.

उपाय मिस्त्रीनंच सांगितला. गिअरबॉक्समध्ये केबल फिरवणारी प्लास्टिकची छोटी पिनियन, म्हणजे दातेरी चाक, असते. माझ्या गाडीत २३ दात निघाले. एक दात कमी केला की केबल साडेचार टक्के जोरात फिरते, माझी तूट सव्वाचार. दोन दिवस फिरून त्यानं २२ ची मिळवली. मे महिन्यात बसवली. निपाणी जाऊन येऊन साठ किलोमीटर, वर शेपटाएवढा फरक. काटा परत पूर्वीसारखा बढाई मारतो, ८० ला ७४, मारू दे. टायर झिजतील तसा व्यास कमी होणार आणि आकडा पुन्हा थोडा सरकणार, म्हणून वहीत तारीख टाकून ठेवलीय.

आप्पांना निपाणीचे दोन्ही आकडे दाखवले आणि चुकलं म्हटलं. ते म्हणाले, "मीटर खोटा बोलतोय हे मला पण कळलं नाही, दादा." किल्ली आता हातात देतात.

मंडपवाला मात्र परवा डायरी उघडून बसला होता. "चैत्रात जोतिबा जाऊन येऊन ३८ लिहिलंय, आता ४० कसं? डोंगर लांब सरकला काय?" त्याच्याच डायरीत दसऱ्याच्या आधीची पानं उघडून दाखवली, तिथंही ४० च. ३८ झालं तेव्हा हा गप्प होता.