आईच्या इरकलचं जॅकेट, आठ महिने वापरून: सगळं छान, पण ती टिचबटणं!

गेल्या रविवारी बालगंधर्वला मध्यंतरात बटाटेवडा घ्यायला हात पुढे केला आणि जॅकेटचं तिसरं बटण टच्चकन निघालं. नुसतं उघडलं असतं तर हरकत नव्हती, ते कापडाचा रुपयाएवढा तुकडा घेऊन निघालं. आईचं इरकल होतं ते. वडा गोडच लागला नाही.

जुन्या कापडातून कपडे करणारी ही मुलगी कर्वेनगरात दोन खोल्यांत काम करते. एकांकिका-नाटकांचे पोशाख हा मुख्य धंदा, मधूनमधून आमच्यासारख्यांचं घेते. कापड माझं, तरी शिलाई 3,200! याच लुगड्यावर बोहारणीनं एक मध्यम पातेलं दिलं असतं, हे मी तिला तोंडावर सांगितलं. ती हसली, पण दर काही उतरवला नाही.

बेतणं मात्र बघण्यासारखं. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर, पण त्यात धड किती? बसायच्या जागी विरलेलं, घड्यांवर चिरलेलं. तिनं अख्खं लुगडं खिडकीच्या उजेडात धरून वीत-वीत पाहिलं, विरळ जागांवर खडूनं खुणा केल्या आणि त्या टाळून तुकडे काढले. लाल रेशमी पदर पाठीवर, काठ बाह्यांना. आठ महिन्यांत इरकल आटलं नाही की त्याचा रंग गेला नाही; जे काय व्हायचं ते आईच्या हातच्या धुण्यातच होऊन गेलं होतं. रंग सोडला तो नव्या अस्तरानं, माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर. उरलेल्या चिंध्यासुद्धा तिनं पिशवीत भरून परत दिल्या. असं कोण देतं हल्ली?

पण टिचबटणं! नाटकात दोन प्रवेशांच्या मधे अंधारात कपडे बदलायचे असतात, तिथे ठीक. मला कुठे विंगेत पळायचंय? उघडताना सगळा ओढा चार टाक्यांवर येतो. बटण नवं, पकड घट्ट, कापड पन्नास वर्षांचं. मग सुटणार कोण? दुसऱ्याच महिन्यात बटणांभोवती सुतं सरकलेली दिसली, तेव्हा फोन केला होता. "काकू, जरा सावकाश उघडत जा." सावकाश!

सोमवारी भांडायच्या तयारीनंच गेले. तिनं भोक पाहिलं, अस्तर उसवून आत पाहिलं आणि म्हणाली, "काकू, चुकलंच माझं. मागून पट्टी द्यायला हवी होती." आता यावर काय भांडणार? गळ्यापासून खालपर्यंत आतून मांजरपाटाची पट्टी घातली, टिचबटणं काढून काजं केली. भोकाला चिंध्यांतला तुकडा मागे देऊन रफू केलं, जवळून नीट शोधलं तरच दिसतं. (पिशवीतल्या दोन मोठ्या तुकड्यांची मी फडकी केली होती, ते बोलले नाही.) पैसे विचारले, नको म्हणाली. मीही आग्रह केला नाही.

3,200 जास्त, हे माझं मत होतं. आता फक्त थोडे जास्त, असं आहे.

वरचं काज अजून घट्ट आहे, बटण लावायला दोन्ही हात लागतात. दुसरं लुगडं कपाटात आहे. तेही तिलाच देणार, पण टिचबटणं लावणार नाही असं आधी कागदावर लिहून घेऊन.